अप्पांची वेबसाइट ओके होईपर्यंत

अप्पांचं काम चालू होतं त्या काळात माझा लॅपटॉप जितका स्वच्छ होता, तितका ना त्याआधी कधी होता ना नंतर. मी तो पिशवीतून काढून टेबलावर ठेवला रे ठेवला की अप्पा खिशातून कॉटन वेस्टचा बोळा काढायचे आणि आधी झाकण, मग स्क्रीन, मग एकेक बटण पुसायचे. "वस्तू बघायची तर आधी पुसावी," म्हणायचे. पहिल्या वेळी मी ओशाळले. म्हटलं, आपला लॅपटॉप इतका कळकट दिसतोय की काय. मग लक्षात आलं की ते सगळंच पुसतात. चहाचा कप, स्कूटरची किल्ली, चष्म्याची डबी. मी माझं व्हिजिटिंग कार्ड दिलं तर तेही पुसून खिशात ठेवलं.

मी वेबसाइट बनवते. हिंजवडीतली नोकरी सुटल्यावर पिंपळे गुरवच्या घरातलं जेवणाचं टेबल हेच माझं ऑफिस झालं. गिऱ्हाईक म्हणजे मिठाईवाले, सामान हलवणारे, दातांचे डॉक्टर आणि भोसरी-चाकणकडचे छोटे कारखानदार. या धंद्यात लोक दोन प्रकारचे भेटतात. एकाला वेबसाइट उद्या हवी असते, दुसऱ्याला ती कालच हवी होती. अप्पा तिसऱ्या प्रकारचे निघाले. "घाई नाही मॅडम, पण चुकायला नको," हे त्यांचं पहिल्या दिवशीचं वाक्य, आणि पुढची दोनेक वर्षं त्यांनी ते मला अधूनमधून ऐकवलं.

त्यांचं खरं नाव इथे सांगत नाही. तसंही त्या शेडमध्ये त्यांना नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. माण तालुक्यातून पिंपरीला आले, एका कंपनीच्या टूलरूममध्ये शिकाऊ म्हणून लागले, तिथून बाहेर पडून चाकणच्या पुढे तळेगाव रस्त्याला स्वतःची पत्र्याची शेड उभी केली. चार-पाच मशीन, आठ-दहा माणसं. ऑफिसात खुर्ची एकच आणि ती पाहुण्याची. अप्पा उभेच. बसून बोलणारा माणूस मुद्द्यावर लवकर येत नाही, असं त्यांचं मत होतं. उभं राहूनही ते स्वतः मुद्द्यावर कधी लवकर आले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

"मॅडम, आधी ड्रॉइंग द्या."

"कशाचं?"

"वेबसाइटचं. बिनड्रॉइंगचा मी खिळासुद्धा करत नाही."

मी घरी जाऊन पानांचे आराखडे केले, छापले, घेऊन गेले. अप्पांनी स्टीलची पट्टी काढली आणि कागदावर ठेवली. "हे बटण किती एमएमचं?"

मी सांगितलं की तसं माप नसतं, ज्याच्या त्याच्या मोबाइलप्रमाणे ते लहान-मोठं होतं.

"म्हणजे प्रत्येकाला वेगळं दिसणार?"

"हो."

"आणि तरी सगळ्यांचं बरोबर?"

"हो अप्पा."

त्यांनी पट्टी उचलून खिशात ठेवली. मग म्हणाले, "मापात एवढी सूट, एवढा टॉलरन्स मला कंपनीनं दिला असता, तर माझे केस अजून काळे असते."

मजकुराचं तर विचारूच नका. या धंद्यात एक तयार साचा असतो. अग्रगण्य उत्पादक, जागतिक दर्जा, ग्राहकाचं समाधान हेच आमचं ध्येय. नाव बदलायचं आणि चिकटवायचं. मीही इंग्रजीत तसंच लिहून नेलं आणि ओळ न् ओळ मराठीत सांगायला लागले. "अग्रगण्य" म्हटल्यावर अप्पांनी हात वर केला.

"कुणाच्या पुढं आहोत आपण? शेजारच्या शेडवाल्याच्या? तो सकाळी आपल्याआधी उघडतो."

ते गेलं. जागतिक दर्जा आला. "जग आलं होतं बघायला?" तेही गेलं. ग्राहकाचं समाधान आलं. "आपलं काम पार्ट मापात बसवणं. समाधान त्यांचं ते बघतील." संध्याकाळपर्यंत पहिल्या पानावर उरलं ते एवढंच: आम्ही लेथ आणि मिलिंगचं काम करतो. गुरुवारी बंद. अप्पांनी ते मला दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, "हे झकास झालं." मी मोशीच्या गर्दीत स्कूटर रेटत घरी आले आणि नवऱ्याला म्हटलं, उद्यापासून मी पोळी-भाजीचे डबे सुरू करते.

खरी अडचण फोटोंची होती. कारखान्याच्या वेबसाइटवर माणूस पहिल्यांदा काय बघतो, तर हे लोक बनवतात काय. मी म्हटलं, तुमच्या पार्टचे फोटो काढू या. अप्पांनी समोरच्या ट्रेवर फडकं टाकलं.

"ते आपले नाहीत."

"तुम्हीच केलेत ना?"

"केले आपण. ड्रॉइंग कंपनीचं. ऑर्डर भोसरीच्या शेठना. त्यांच्याकडून काम आपल्याकडे येतं. खोक्यावर स्टिकर त्यांचं, मालाबरोबर जाणाऱ्या चलनावर नाव त्यांचं. कंपनीला आपण कोण ते माहीतही नाही."

भोसरीचे शेठ म्हणजे मधली पार्टी. त्यांनी सुरुवातीलाच अप्पांकडून शब्द घेतला होता की कंपनीच्या गेटाशी परस्पर जायचं नाही आणि कुणाचा पार्ट करतो हे बाहेर बोलायचं नाही. या पट्ट्यात असे शब्द सगळेच देतात आणि सोयीनं सगळेच विसरतात. अप्पांनी तो इतकी वर्षं पाळला होता. शेडमधलं सगळं काम शेठकडूनच यायचं, हेही त्यामागे होतंच.

"मग वेबसाइट कशाला हवी तुम्हाला?" मी वैतागून विचारलं.

अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मॅडम, एक लॉट. एकच का असेना. पण चलनावर आपल्या कारखान्याचं नाव छापलेलं असावं आणि टेम्पो कंपनीच्या गेटातून आत जावा. दुसऱ्या कुठल्या का कंपनीच्या. शेठच्या गिऱ्हाइकाला मी हात लावणार नाही. पण आपल्या नावानं एकदा काम यावं. मग शटर ओढायला मी मोकळा."

त्यानंतर मी डब्यांचा विचार सोडला असं नाही, पण वेबसाइट अर्धवट टाकायचं मनात आलं की हे वाक्य आडवं यायचं. मला त्याचा रागही यायचा. माणसानं आपल्याला काहीतरी मनातलं सांगितलं की त्याचं काम सोडता येत नाही, ही मोठीच पंचाईत असते.

शेवटी फोटो निघाले ते मशीनचे आणि माणसांचे. पार्ट सगळे झाकलेले. त्या दिवशी आख्खी शेड धुतली होती. मामा लग्नकार्यातला शर्ट घालून आले होते. मामा हे तिथले सगळ्यात जुने ऑपरेटर, शेजारच्याच गावचे. त्यांची जमीन कारखान्यांत गेली आणि तिच्या मागोमाग तेही कारखान्यात आले. फोटोसाठी हसा म्हटलं तर म्हणाले, "मशीनवर कोन हसतंय का ताई? बोट जाईल."

अप्पांच्या शेडचा एक नियम होता. मशीनवर सेटिंग केलं की पहिला पीस काढायचा, तो सगळ्यांनी मापून बघायचा, ओके म्हणायचं, आणि मगच पुढचा लॉट सोडायचा. चांगला नियम आहे. पण अप्पांनी तो वेबसाइटला लावला. मी केलेलं एकेक पान छापून मशीनच्या बाजूला चिमट्याला लटकवायचं, सगळ्यांनी येता-जाता वाचायचं, आणि सगळे ओके म्हणेपर्यंत पुढचं पान घ्यायचं नाही. ज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांना अप्पा दुपारच्या सुट्टीत माझ्याकडून लिहून घेतलेला मराठी अर्थ वाचून दाखवायचे.

एकदा मामांनी पान रोखलं. "ह्यात लिवलंय सकाळी नऊ ते सहा. आमी आठला येतो. हे खोटं हाय."

मी म्हटलं, "मामा, ते गिऱ्हाइकाला फोन करायची वेळ आहे."

"मग गिऱ्हाइकाला काय वाटंल? ह्यो मानूस नऊला उगवतो म्हून."

अप्पा म्हणाले, "मामाचं बरोबर आहे." आणि पान रिजेक्ट. नऊचे आठ केलेलं पान नव्यानं छापून द्यायला मी पिंपळे गुरवहून पुन्हा तिथवर गेले, कंटेनरच्या रांगेत अडकले, नाकातोंडात धूळ घेतली. तोवर दुसऱ्या कुणाला तरी शोध लागला होता की नकाशावरची खूण शेडवर पडत नाही, समोरच्या पानटपरीवर पडते. अप्पांना त्याचा कोण आनंद! चूक सापडली की त्यांचा चेहरा खुलायचा. माझा पडायचा.

थकवा आला होता मला त्या कामाचा. काम अवघड नव्हतं म्हणूनच जास्त. सात पानांची वेबसाइट मी एरवी आठवड्यात करून देते. इथे दोन दिवाळ्या गेल्या, दोन होळ्या गेल्या, पुन्हा गणपती आले. इतर गिऱ्हाइकांच्या वेबसाइट सुरू झाल्या, काही दुकानं वेबसाइटसकट बंदही झाली. अप्पांचा फोन यायचा, "मॅडम, संपर्काच्या पानावर एक शंका आहे," आणि मी कपाळाला हात लावून म्हणायची, "बोला अप्पा."

वेबसाइट सुरू झाली ती खंडेनवमीला. मशीनच्या ओळीत माझा लॅपटॉपही पूजेला बसला. अप्पांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, मामांनी झेंडू ठेवला, त्याच्या पाकळ्या बटणांत अडकल्या आणि त्यातलं एक बटण पुढे महिनाभर दाबलं जात नव्हतं. अप्पांनी स्वतःच्या बोटानं वेबसाइट सुरू केली. स्क्रीनवर वर त्यांच्या कारखान्याचं नाव आलं. सगळ्यांना पेढे वाटून झाल्यावर मला म्हणाले, "आता कुणालाही दिसतं का हे?"

"जगात कुणालाही."

"बरं," म्हणाले, आणि मामांना बोलावून पुन्हा एकदा दाखवलं.

मग काही आठवडे फोन आले ते विमा विकणाऱ्यांचे. एक जण अप्पांना वेबसाइट बनवून देतो म्हणाला. अप्पांनी त्याला अर्धा तास प्रश्न विचारले आणि त्यानंच फोन ठेवला.

खरा फोन आला तेव्हा योगायोगानं मी तिथे होते. अप्पांना मशीनच्या आवाजानं कमी ऐकू यायचं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असायचा. पलीकडे कुठल्यातरी कंपनीतला तरुण इंजिनीअर होता. नेटवर शोधताना वेबसाइट सापडली, म्हणाला. एका पार्टसाठी दुसरा पुरवठादार हवाय, ड्रॉइंग पाठवतो, बघून लगेच सांगा. मी ड्रॉइंग उघडलं. मामा हात पुसत आले, वाकून बघितलं आणि ओरडले, "आवं, ह्यो तर आपलाच! सकाळधरनं ह्योच चाललाय माझ्या मशीनवर!"

अप्पांनी त्यांना हातानं गप्प केलं. अप्पांना कंपनी कळली होती. शेठ ज्यांना माल द्यायचे, नेमकी तीच.

"तर काका," फोनमधून आवाज आला, "असा पार्ट पूर्वी केलाय का तुम्ही?"

"करता येईल," अप्पा म्हणाले.

"ते ठीक. पण पूर्वी केलाय का?"

"ते मला सांगता येत नाही."

"म्हणजे नाही केला?"

"नाही केला असं मी म्हटलं नाही. सांगता येत नाही म्हटलं."

पलीकडचा मुलगा गोंधळला. बघा आणि कळवा, म्हणाला आणि फोन ठेवला. मामांनी डोकं धरलं. मीही हात जोडले. "अप्पा, नुसता दर पाठवा. पार्ट करून देऊ एवढंच लिहू. यात खोटं काय आहे?"

"खोटं नाही. पण शेठच्या गिऱ्हाइकाचा मला फोन आला, हे शेठना कळायला नको? मी त्यांना विचारतो. इतक्या वर्षांचा संबंध आहे, नाही म्हणायचे नाहीत."

"विचारू नका," मी म्हटलं. मामाही म्हणाले, "नका जाऊ अप्पा. तुमास्नी मानूस वळखाया येत न्हाई." पण दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून अप्पा स्कूटरवरून भोसरीला गेले, आणि एखादा माणूस सोयरिकीचं बोलून येतो तसे प्रसन्न होऊन परत आले. मी फोन केला तेव्हा सांगायला लागले, "शेठ खूश झाले. चहा दिला, पेढे मागवले. म्हणाले, अप्पा, तुमच्यासारखा माणूस मिळत नाही, चार दिवस थांबा, आपण मिळून बघू."

मागून मामांचा आवाज ऐकू आला, "पेढं दिलं? मग गेलं काम."

चार दिवसांनी शेठ स्वतः शेडवर आले. गोड बोलणारा माणूस. ते कंपनीत जाऊन आले होते. दुसरा पुरवठादार शोधू नका, आमचंच दुसरं युनिट चाकणला आहे, असं सांगून आले होते. हे दुसरं युनिट म्हणजे अप्पांची शेड. कंपनीची माणसं तपासणीला येणार होती. त्या दिवसापुरता गेटवर शेठचा बोर्ड लावायचा, सगळ्यांनी शेठच्या नावाचे टी-शर्ट घालायचे. काम दुप्पट होईल आणि इथेच येईल. "आणि अप्पा, तुमची ती वेबसाइट तेवढी काढून टाका. तिच्यावर हीच शेड दिसते. घोळ नको."

हे सगळं मला मामांनी नंतर सांगितलं. अप्पांनी विचारलं, "आणि चलन?"

"चलन आपलं नेहमीचं, माझ्याच नावाचं," शेठ म्हणाले. "नाही जमलं तर माझी जबरदस्ती नाही. मग मला सगळंच काम दुसरीकडे हलवावं लागेल, तुम्ही समजू शकता."

अप्पांनी माणसांकडे बघितलं. कुणी वर बघेना. मामाच शेवटी म्हणाले, "अप्पा, बोर्ड एका दिसाचा हाय. काम वरीसभराचं. लावू द्या." मामांना हे बोलताना काय वाटलं असेल ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

अप्पांनी एकच अट घातली. "मी खोटं बोलणार नाही. मला कुणी काही विचारणार नाही, एवढं बघा."

शेठ हसले. "तुम्हाला कोण विचारतंय अप्पा!"

तपासणीच्या दिवशी सकाळी अप्पांनी मला बोलावून घेतलं. वेबसाइट मी घरूनही बंद करू शकले असते. "नको, माझ्यासमोर करा," म्हणाले. गेटवर शेठचा नवाकोरा बोर्ड होता. त्याच्या मागे अप्पांचा जुना झाकून गेला होता. अप्पांच्या अंगात निळा टी-शर्ट, छातीवर शेठच्या कंपनीचं नाव. शेठ त्यांना घरी थांबा म्हणाले होते, पण सेटिंग कोण करणार म्हणून ते आलेच. मला संताप आला होता आणि मी तो बोलून दाखवला. दोन वर्षं एकेका शब्दासाठी मला इथवर पळवलंत अप्पा, नऊचे आठ करायला लावलेत, आणि आज हे?

अप्पा म्हणाले, "चिडा मॅडम. तुमचं बरोबर आहे." आणि लॅपटॉपकडे बोट केलं. मी वेबसाइट बंद केली. पान पुन्हा उघडून दाखवलं, ते कोरं आलं.

"गेली?"

"गेली."

तेवढ्यात गाड्या आल्या. इंजिनीअर बोलायला लागला तसा मी आवाज ओळखला. फोनवरचाच मुलगा. चांगला होता. प्रत्येक मशीनपाशी थांबून बघत होता, मापं घेत होता, समाधानानं मान हलवत होता. शेठ त्याच्या एक पाऊल मागे. मध्येच तो थांबला आणि चहूकडे बघत म्हणाला, "ही जागा मी कुठंतरी पाहिल्यासारखी वाटते."

"आमची सगळी युनिटं सारखीच आहेत सर," शेठ म्हणाले.

त्याचं समाधान झालं नसावं. तो सरळ अप्पांपाशी गेला. अप्पा लेथवर वाकून सेटिंग करत होते. "काका, तुम्ही इथं काय करता?"

मामांनी मशीन बंद केलं. बाकीचीही एकामागून एक थांबली. मी शेठकडे बघितलं, त्यांचा चेहरा उतरला होता. अप्पांना फक्त खरं सांगायचं होतं. ही शेड माझी, हा पार्ट माझा, फोन मीच घेतला होता. त्यांना हवं होतं ते नाव त्या मुलाच्या कानापर्यंत पोचायला एवढं पुरे होतं. आणि मागे सगळी माणसं त्यांच्याकडे बघत उभी होती.

अप्पा सरळ उभे राहिले. "मी इथं कामाला आहे साहेब."

"किती वर्षं झाली?"

"शेड उभी राहिली त्या दिवसापासून."

"म्हणजे सगळ्यात जुने तुम्हीच," तो मुलगा मनापासून म्हणाला, आणि शेठकडे वळला. "अशी माणसं सांभाळून ठेवा."

"म्हणजे काय सर," शेठ म्हणाले, "घरचेच आहेत." आणि त्यांनी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. अप्पांनी तो राहू दिला.